गोळ्या चालू असताना कुत्र्याच्या लिव्हरकडे लक्ष ठेवा

सांधेदुखी, फिट्स, त्वचारोग किंवा बुरशीसाठी ज्यांच्या कुत्र्याला आम्ही औषध सुरू केलंय, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे.

बहुतेक औषधांची मोडतोड लिव्हरमध्ये होते आणि त्यातला काही भाग पित्तावाटे आतड्यात जातो. हे करताना कधी लिव्हरच्या पेशी दुखावतात, कधी पित्ताचा प्रवाह मंदावतो. सुरुवातीला कुत्रा फक्त जेवणावरून तोंड फिरवतो, एखादी उलटी करतो, पाणी जास्त पितो. "उन्हाळा आहे, म्हणून असेल," असं म्हणून दोन दिवस जातात. ते जाऊ देऊ नका.

कावीळ अशी बघा: दिवसाउजेडी खिडकीजवळ बसवून त्याचा वरचा ओठ उचला. हिरड्या काळ्या असतील, तर डोळ्याची पापणी हलकेच वर करून पांढरा भाग बघा. लघवी पांढऱ्या कापसावर टिपून घ्या. ती गडद पिवळी किंवा तपकिरी दिसली तर लगेच फोन करा. शी पांढुरकी, राखाडी होत असेल तर पित्तनलिका तुंबल्याची शंका येते. अशा वेळी थेट घेऊन या, सोनोग्राफी करावी लागेल.

कारप्रोफेन हे सांध्यांचं चांगलं औषध आहे आणि बहुतेक कुत्र्यांना ते सोसतं. मोजक्या कुत्र्यांना मात्र नेमक्या डोसमध्येही त्याने लिव्हरला इजा होते, बहुतेकदा पहिल्या 3-4 आठवड्यांत. कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही, म्हणून आम्ही सुरू करण्यापूर्वी आणि नंतर पुन्हा रक्त तपासतो. सल्फा गटातल्या अँटिबायोटिकचंही असंच, आणि डॉबरमनमध्ये आम्ही ते शक्यतो टाळतो. वरची लक्षणं दिसली तर ही दोन्ही औषधं थांबवा आणि मग फोन करा.

फिट्सच्या फिनोबार्बिटलचं उलटं आहे. ते स्वतःहून कधीही एकदम बंद करू नका, सलग फिट्स येऊन जिवावर बेतू शकतं. स्टेरॉइडही अचानक तोडायचं नसतं. फिनोबार्बिटल लिव्हरला हळूहळू, महिने-वर्षं घेतल्यावर त्रास देतं. रक्तातली पातळी 35 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर राहिली तर धोका वाढतो, म्हणून दर 6 महिन्यांनी तपासणी करायची. रिपोर्टमध्ये नुसतं एएलपी (रक्तात मोजलं जाणारं एक एन्झाइम) वाढलेलं बघून घाबरू नका. फिनोबार्बिटल आणि स्टेरॉइड या दोन्ही औषधांनी ते लिव्हर ठीक असतानाही वाढतं. एएलटी (लिव्हरच्या पेशी दुखावल्या की वाढणारं एन्झाइम), अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन), बाइल अॅसिड (पित्तातली आम्लं) असं सगळं एकत्र बघूनच आम्ही ठरवतो.

घरातली पॅरासिटामॉल मायेपोटी दिली जाते, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. 500 मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे 5 किलोच्या कुत्र्याला किलोमागे 100 मिलिग्रॅम, आणि तेवढी विषारी ठरू शकते. चुकून दिली गेली असेल तर लक्षणांची वाट न बघता या. अॅसिटिलसिस्टीन हा उतारा जितक्या लवकर मिळेल तितका उपयोगी पडतो.

येताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत टाकून आणा, आयुर्वेदिक आणि टॉनिकंसुद्धा. कोणी रागावणार नाही.