काचेचं वाद्य वाजवलं की वेड लागतं?

'ग्लास आर्मोनिका वाजवणारे वेडे होत, काचेतलं शिसं बोटांतून अंगात भिनायचं,' ही गोष्ट अधूनमधून फिरत असते. ऐकायला झकास, पण पुरावा शून्य.

हे वाद्य बेंजामिन फ्रँकलिननं 1761 मध्ये लंडनमध्ये घडवलं. एकात एक बसवलेल्या काचेच्या वाट्या आडव्या दांड्यावर पायानं फिरवायच्या आणि ओली बोटं कडांवर टेकवायची. आपल्या जलतरंगासारखं यात पाणी भरायचं नाही, काठीनं वाजवायचंही नाही. मोझार्टनं 1791 मध्ये अंध वादक मारियान किर्शगेसनरसाठी यावर रचना केली.

मग शिशाचं काय? ते काचेत घट्ट बांधलेलं असतं. बोट फिरवून बाधा व्हावी इतकं सुटत नाही. त्या काळी शिसं रंगांत आणि भांड्यांतही होतं, पण दोष आला तो बिचाऱ्या वाद्यावर! खुद्द फ्रँकलिन 84 वर्षांचा होऊन गेला, शेवटपर्यंत डोकं शाबूत. शरीरातल्या अदृश्य 'चुंबकीय' शक्तीनं रोग बरे करतो म्हणणारा त्या काळचा डॉक्टर मेस्मर, त्यानं आपल्या उपचारांत हेच सूर वापरले, त्यानं संशयाला खतपाणी मिळालं असावं.

वाद्य मागे पडलं ते साध्या कारणांनी. आवाज नाजूक, मैफलींची दालनं मोठी होत गेलेली, आणि वाट्या प्रवासात फुटायच्या.