पाहुण्यांचे मोर्चे: तिबेटी निर्वासितांच्या निदर्शनांमागचा इतिहास

20 एप्रिल 1959 रोजी मुंबईत चिनी वकिलातीच्या भिंतीवर समाजवादी कार्यकर्त्यांनी माओंचे चित्र चिकटवले आणि त्यावर टोमॅटो व सडकी अंडी फेकली. आठवड्याच्या आत पेकिंगहून (आजचे बीजिंग) दिल्लीला निषेधाचा खलिता आला. हा आमच्या राष्ट्रप्रमुखाचा अपमान आहे, समाधानकारक निकाल लागेपर्यंत आम्ही गप्प बसणार नाही, शंभर वर्षे लागली तरी नाही, असा त्याचा सूर होता. दिल्लीने खेद कळवला. सोबत हेही कळवले की शांततेने निघालेल्या मोर्चावर इथल्या कायद्यानुसार बंदी घालता येत नाही.

भारतात तिबेटसाठी रस्त्यावर जे आधी उतरले ते भारतीयच होते. त्याच सुमारास दलाई लामा मसुरीला पोचत होते आणि त्यांच्या मागून येणारे हजारो लोक अजून हिमालयाच्या वाटांवर होते. पुढे साठ-पासष्ट वर्षे तिबेट्यांनी स्वतः जी निदर्शने केली, त्यांची तऱ्हा मुंबईच्या त्या दुपारपेक्षा फार वेगळी आहे. प्रार्थना, मेणबत्त्या, उपोषण, पदयात्रा आणि अधूनमधून एखाद्या उंच इमारतीवरून सोडलेला फलक. बौद्ध धर्माची शिकवण हे याचे कारण म्हणून नेहमी सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. पण दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्याला आवाज किती चढवता येतो, हा प्रश्नही या इतिहासात पहिल्यापासून आहे.

सुरुवात 1950 च्या ऑक्टोबरात होते. चिनी सैन्याने पूर्व तिबेटातले चामदो हे शहर घेतले. मे 1951 मध्ये तिबेटी शिष्टमंडळाने पेकिंगमध्ये सतरा कलमी करारावर सह्या केल्या. त्या दबावाखाली घेतल्या गेल्या, असे दलाई लामांनी भारतात आल्यावर जाहीर केले. 1954 मध्ये भारत आणि चीन यांच्यात ज्या करारातून ‘पंचशील’ हा शब्द घरोघर गेला, तो करार मुळात ‘चीनचा तिबेट प्रदेश’ आणि भारत यांच्यातल्या व्यापार-दळणवळणाचा होता. पंचशीलाची तत्त्वे आपल्याकडे पाठ होती, कराराचा विषय मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. आचार्य कृपलानी आणि राम मनोहर लोहिया यांनी त्यावर कडक टीका केली, ती तेव्हा अरण्यरुदनच ठरली.

मार्च 1959 मध्ये तिबेटची राजधानी ल्हासात बातमी पसरली, की दलाई लामांना चिनी लष्करी छावणीत नाचगाण्याच्या कार्यक्रमाला बोलावले आहे आणि अंगरक्षक आणू नका असे सांगितले आहे. त्यांना पळवून नेणार, असा लोकांचा समज झाला. 10 मार्चला हजारो लोकांनी दलाई लामांच्या नोर्बुलिंगका प्रासादाला कडे केले. 12 मार्चला ल्हासातल्या बायका पोताला राजवाड्यासमोर जमल्या. 17 च्या रात्री दलाई लामा शिपायाच्या वेशात बाहेर पडले, आणि दोन-तीन दिवसांत तोफा सुरू झाल्या. 31 मार्चला ते तवांगच्या बाजूने भारताच्या हद्दीत आले. निर्वासितांच्या निदर्शनांची तिथी-मिती इथून ठरली. 10 मार्च हा उठावाचा दिवस आणि 12 मार्च हा महिलांचा दिवस.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. हा लढा पहिल्यापासून अहिंसकच होता, असे नाही. पूर्व तिबेटातल्या खाम प्रांतातले लोक ‘चुशी गांगद्रुक’ या नावाने हत्यारे घेऊन लढले. पुढे नेपाळच्या मुस्तांगमध्ये त्यांचा तळ होता आणि त्याला अमेरिकेच्या सीआयएची मदत होती. अमेरिकेने चीनशी जमवून घेतले आणि ती मदत आटली. 1974 मध्ये दलाई लामांचा ध्वनिमुद्रित संदेश तिथे ऐकवला गेला आणि शस्त्रे खाली ठेवली गेली. ‘तिबेटी मुळातच शांत’ हे वाक्य म्हणूनच मला खटकते. शांततेचा मार्ग त्यांनी दुसरा मार्ग चालून पाहिल्यावर निवडला. त्या निवडीचे मोल त्यामुळे वाढते, असे माझे मत आहे.

सुमारे 80 हजार लोक त्या काळात दलाई लामांच्या मागोमाग भारत, नेपाळ आणि भूतानमध्ये आले. डोंगरात रस्ते बांधण्याच्या कामावर त्यांची पहिली वर्षे गेली. मग वसाहती उभ्या राहिल्या. कर्नाटकात बैलकुप्पे आणि मुंडगोड, छत्तीसगडात मैनपाट आणि महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातली नोर्ग्येलिंग. नोर्ग्येलिंग 1972 मध्ये वसली. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता, म्हणून तिबेटी कागदोपत्री तिला आजही ‘भंडारा’च म्हणतात. धानाच्या शेतीच्या मुलखात बर्फाच्या प्रदेशातली माणसे कशी रुळली असतील, हा वेगळ्याच लेखाचा विषय आहे.

या लोकांच्या हातात जो कागद आहे त्याला ते ‘आरसी’ म्हणतात, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र. कायद्याच्या दृष्टीने ते परदेशी नागरिक. कागदाचे ठराविक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. इथे राहा, शाळा काढा, मठ बांधा, पण भारताच्या भूमीवरून चीनविरोधी राजकारण करू नका, असा सरकारचा पहिल्यापासूनचा दंडक. तो कधी सैल सोडला जातो, कधी आवळला जातो. दिल्लीत चिनी नेता यायचा असला की मजनू का टिला या तिबेटी वस्तीभोवती पोलिसांचा पहारा वाढतो, हे तिथल्या दुकानदारांना वर्तमानपत्राच्या आधी कळते.

तरीही संघटना झाल्या. 1970 मध्ये तिबेटी युवक काँग्रेस स्थापन झाली आणि 1984 मध्ये तिबेटी महिला संघटना पुन्हा उभी राहिली. 1961 पासून 2011 पर्यंत दर 10 मार्चला दलाई लामांचे निवेदन प्रसिद्ध होत असे आणि त्यानंतर मोर्चा. ‘बोद ग्यालो’, म्हणजे तिबेटचा विजय असो, ही घोषणा आणि दलाई लामांनी 1960 मध्ये रचलेली सत्यवचनाची प्रार्थना. दलाई लामा आणि निर्वासित प्रशासन यांचे ठाणे असलेल्या हिमाचलातल्या धरमशाळेच्या मोर्चात आजही या दोन्ही ऐकू येतात.

‘एकजूट’ हा शब्द या चळवळीत खऱ्या अर्थाने आला तो 1987 नंतर. त्या सप्टेंबरात दलाई लामांनी वॉशिंग्टनमध्ये पाच कलमी शांतता योजना मांडली. आठवडाभरातच ल्हासात द्रेपुंग मठाचे भिक्षू झेंडा घेऊन रस्त्यावर आले आणि पकडले गेले. पुढच्या दीड वर्षात तिथे पुन्हा पुन्हा निदर्शने झाली आणि मार्च 1989 मध्ये लष्करी कायदा लागू झाला. तोवर निर्वासितांचे मोर्चे बव्हंशी आठवणीचे होते. आता त्यांना ताजे कारण मिळाले. आत जो बोलला तो तुरुंगात गेला, तेव्हा त्याचे नाव बाहेरच्याने घ्यायचे, हे काम ठरले. त्याच वर्षी दलाई लामांना शांततेचे नोबेल मिळाले. ते 10 डिसेंबरला, म्हणजे मानवी हक्क दिनालाच दिले जाते. दिनदर्शिकेत आणखी एक तारीख वाढली.

ती नेमकी स्वेटरच्या हंगामात येते. वसाहतींतली अनेक कुटुंबे थंडीत नागपूर, नाशिक, पुणे, कोल्हापूर अशा शहरांत उबदार कपड्यांचे बाजार लावतात. त्यामुळे 10 डिसेंबरचा कार्यक्रम वसाहतीपेक्षा या बाजारांच्या गावी होतो. त्या दिवशी दुकाने बंद दिसली तर ग्राहकाला बहुधा कारण कळतही नाही.

मागणी काय असावी यावर मात्र एकमत नाही. दलाई लामा आणि निर्वासित प्रशासन ‘उमेलाम’ म्हणजे मध्यममार्ग मानतात: चीनमध्ये राहून खरी स्वायत्तता. युवक काँग्रेस ‘रांगझेन’ म्हणजे पूर्ण स्वातंत्र्य मागते. मार्गावरूनही वाद झाले. 1998 मध्ये दिल्लीत युवक काँग्रेसचे आमरण उपोषण चालू होते. तेही एक प्रकारची हिंसाच आहे, म्हणून दलाई लामांना ते मान्य नव्हते. पोलिसांनी उपोषणकर्त्यांना उचलायला सुरुवात केली तेव्हा थुप्तेन न्गोदुप या साठीच्या माणसाने स्वतःला पेटवून घेतले. 2002 मध्ये चीनशी पुन्हा बोलणी सुरू झाली. तेव्हा निर्वासितांचे पंतप्रधान सामदोंग रिनपोछे यांनी, जे स्वतः गांधींच्या सत्याग्रहाचे अभ्यासक, अमेरिकेतल्या तिबेट्यांना चिनी राष्ट्राध्यक्षांपुढे निदर्शने करू नका असे आवाहन केले. तरुण कार्यकर्ते चिडले. बोलण्यांच्या फेऱ्या 2010 पर्यंत चालल्या आणि हाती काही लागले नाही, हे पाहता त्यांची चीड अनाठायी नव्हती.

2002 च्याच जानेवारीत मुंबईत एक प्रसंग घडला. चिनी पंतप्रधान झू रोंगजी नरिमन पॉइंटच्या ओबेरॉय हॉटेलात होते. मुंबई विद्यापीठात शिकलेला कवी-कार्यकर्ता तेन्झिन त्सुंदू बाहेरच्या परांचीवरून वर चढला आणि त्याने तिबेटचा झेंडा व फलक फडकावला. मोर्च्याला परवानगी मिळत नसेल तर एकट्या माणसाने कॅमेऱ्यांना दिसेल असे काही करायचे, ही पद्धत त्यानंतर रुजली.

2008 हे या इतिहासातले सगळ्यात मोठे वर्ष. ऑगस्टमध्ये बीजिंगला ऑलिंपिक होते. 10 मार्चला धरमशाळेहून सुमारे शंभर जणांची पदयात्रा तिबेटकडे निघाली. दांडीयात्रेची छाया तिच्यावर उघड होती. कांग्रा जिल्ह्याची हद्द ओलांडण्याआधी पोलिसांनी त्यांना पकडले. मग दुसरी तुकडी निघाली आणि ती उत्तराखंडापर्यंत गेली. इकडे ल्हासात 10 मार्चला भिक्षूंनी सुरू केलेल्या निदर्शनांना 14 तारखेला हिंसक वळण लागले. दुकाने जळली, त्यात हान चिनी आणि हुई मुस्लिम लोक मारले गेले. मग दडपशाहीत तिबेटी मारले गेले. निदर्शने पूर्व तिबेटभर पसरली. ऑलिंपिकची ज्योत जिथे गेली तिथे तिबेटी तिच्या वाटेवर उभे राहिले. दिल्लीत 17 एप्रिलला राजपथावर ज्योत आली तेव्हा बंदोबस्त एवढा होता, की धावणाऱ्यांपेक्षा पोलीसच जास्त. फुटबॉलपटू बायचुंग भुतियाने ज्योत हाती घ्यायला आधीच नकार दिला होता.

यानंतर तिबेटच्या सीमा बंद झाल्यासारख्याच झाल्या. आधी दरवर्षी दोन-तीन हजार लोक डोंगर ओलांडून येत, ते आता बोटांवर मोजण्याइतके. 2009 पासून तिबेटात दीडशेहून अधिक लोकांनी आत्मदहन केले. बाहेरच्यांना काय करावे कळेना. दलाई लामांनी या कृतीला उत्तेजन दिले नाही आणि मरणाऱ्यांची निंदाही केली नाही. प्रत्येक बातमीनंतर धरमशाळेच्या मॅक्लॉडगंजमध्ये मेणबत्ती मोर्चा निघे. जानेवारी 2013 मध्ये वसाहती-वसाहतींतून हजारो लोक दिल्लीत चार दिवसांच्या एकजूट मोहिमेसाठी आले. पहिला दिवस 30 जानेवारी होता, गांधीजींच्या पुण्यतिथीचा.

अलीकडे या मोर्च्यांत इतरही झेंडे दिसतात. ऑक्टोबर 2021 मध्ये ग्रीसमध्ये बीजिंगच्या हिवाळी स्पर्धांची ज्योत पेटवली जाण्याच्या आदल्या दिवशी अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर तिबेटी आणि हाँगकाँगचे कार्यकर्ते एकत्र होते. चीनच्या शिनजियांगमधल्या मुस्लिम उइघुरांशीही अशी साथ जमली आहे. कारणेही बदलली आहेत. फेब्रुवारी 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी सुमारे दहा लाख तिबेटी मुले सरकारी निवासी शाळांत घातल्याबद्दल चिंता व्यक्त केली. 2024 च्या सुरुवातीला पूर्व तिबेटच्या देर्गे भागातल्या धरणाला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांची आणि भिक्षूंची धरपकड झाली. त्या धरणात जुने मठ बुडणार आहेत. धरमशाळेपासून युरोप-अमेरिकेपर्यंत त्यासाठी निदर्शने झाली.

भारतात मात्र माणसेच कमी होत आहेत. 2009 च्या गणतीत इथे सुमारे 94 हजार तिबेटी होते. त्यानंतर तरुण पिढी मोठ्या प्रमाणावर अमेरिका, कॅनडा आणि युरोपकडे गेली. तिथे नागरिकत्व मिळते आणि पासपोर्ट मिळाला की मोर्च्याला जाताना आरसीचा विचार करावा लागत नाही. 2018 मध्ये ‘थँक यू इंडिया’ या कार्यक्रमापासून अधिकाऱ्यांनी दूर राहावे अशी सूचना दिल्लीने काढली, आणि तो राजधानीऐवजी धरमशाळेला झाला. तो कार्यक्रम भारताचे आभार मानण्यासाठीच होता.