'टेरिफाय'मधला लपलेला 'स'

'टेरिफाय' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ शब्दकोशात एका ओळीत मिळतो: प्रचंड घाबरवणे, भीतीने गाळण उडवणे. पण मराठी माणसाला हा शब्द वाटतो तितका परका नाही. दिवसातून दहा वेळा आपल्या तोंडी येणारा 'त्रास' आणि हा 'टेरिफाय' एकाच धातूची लेकरं आहेत.

इंग्रजीत हा शब्द 16व्या शतकापासून दिसतो. त्याच्यामागे लॅटिन 'तेर्रिफिकुस' हे विशेषण आहे आणि त्याची घडण थेट आपल्या 'भयंकर'सारखी आहे. 'भय' अधिक 'कर', तसं 'तेर्र' अधिक 'करणारा'. त्यातला 'तेर्र' आला 'तेर्रेरे', म्हणजे घाबरवणे, या क्रियापदातून. इथवरचा प्रवास सरळ आहे. खरी गंमत आहे त्या जोड 'र्र'मध्ये.

प्राचीन लॅटिनमध्ये शब्दाच्या मध्ये 'र'नंतर 'स' आला की त्याचा 'र' होऊन जाई. संस्कृतात मात्र ते मूळ व्यंजन 'स' किंवा 'ष' म्हणून टिकलं. म्हणून लॅटिन 'तेर्रेरे'समोर संस्कृत 'त्रस्', म्हणजे आपल्या 'त्रास'चं मूळ, उभा राहतो. हा एकच मासला असता तर योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण 'तोर्रेरे' म्हणजे सुकवणे, करपवणे. त्याच्यासमोर 'तृष्', म्हणजे आपली तृषा. 'होर्रेरे' म्हणजे अंगावर काटा येणे, त्याच्यासमोर 'हृष्'. इंग्रजी 'हॉरर' आणि आपला 'हर्ष' सख्खे नातेवाईक आहेत, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच वाटेना. मग 'रोमहर्ष' आठवला आणि पटलं. केस भीतीने उभे राहतात तसेच आनंदानेही. एका भाषेने भीती उचलली, दुसरीने आनंद.

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेतून आल्या असाव्यात, असं इंग्रज संस्कृत अभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीसमोर मांडलं. त्या मूळ भाषेचा एकही लिखित पुरावा नाही. तिचे धातू लेकींवरून अनुमानाने उभे केले आहेत, आणि वरच्यासारख्या जोड्या हाच त्या अनुमानाचा भक्कम पाया आहे.

'तेर्रेरे' आणि 'त्रस्'मागच्या धातूचा सर्वांत जुना अर्थ भीती नव्हे, थरथरणे. आधी शरीर हललं, भावनेला नाव नंतर मिळालं. ग्रीकमध्ये याच धातूचं 'त्रेओ' झालं: भिऊन पळणे. इ. स. पू. 480 मध्ये इराण्यांविरुद्धच्या थर्मोपिलीच्या लढाईतून जिवंत परतलेल्या अरिस्टोडेमसला स्पार्टात 'त्रेसास' म्हणून हिणवलं जाई, असं प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. म्हणजे थरथरणारा, भेदरट. जैन तत्त्वज्ञानात जीवांचे 'त्रस' आणि 'स्थावर' असे दोन प्रकार आहेत: हालचाल करणारे आणि जागचे न हलणारे. धातूतली ती मूळची हालचाल इथे किती स्वच्छ उरली आहे!

'तेर्रेरे'चा गोतावळा इंग्रजीत मोठा आहे. 'डिटर' म्हणजे भीती घालून परावृत्त करणे. आपण ज्याला वचक म्हणतो, तो तिथे आहे. 'टेरर'ला राजकीय धार आली ती फ्रान्समध्ये, राज्यक्रांतीतल्या 1793-94 च्या दहशतपर्वात. दहशत म्हणजे त्वरित, कठोर, न वाकणारा न्याय, असं क्रांतीचा एक पुढारी रोबेस्पिएर याने फेब्रुवारी 1794 मध्ये भर सभेत सांगितलं. जुलैअखेर तो स्वतःच गिलोटिनखाली गेला. 'टेररिझम' हा शब्द या राजवटीमुळेच फ्रेंचमधून इंग्रजीत आला, 1795 च्या सुमारास. म्हणजे आरंभी तो सरकारने प्रजेवर बसवलेल्या दहशतीचं नाव होता. आजच्या वापरात हे जवळजवळ पुसलं गेलं आहे आणि ते लक्षात ठेवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

'टेरिफिक'चं नशीब वेगळं. आरंभी त्याचा अर्थ धडकी भरवणारा एवढाच होता. 19व्या शतकाच्या अखेरीस तो 'झकास'कडे सरकला. 'भयंकर आवडलं' म्हणताना मराठीनेही तीच वाट धरली. आणि 'त्रास'? तो झिजत झिजत 'तुम्हाला उगाच त्रास दिला'मधल्या सौजन्यापर्यंत आला. जुनं कापरं अजून जाणवतं ते 'संत्रस्त'मध्ये.