तेलावर तोललेले २७ टन

मोठ्या ट्रकच्या डिझेल इंजिनात इंधन पेटतं तेव्हा सिलिंडरमधला दाब २०० बारच्या, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे २०० पटीच्या घरात जातो. पिस्टनचा व्यास १३ सेंटिमीटर धरला, तर त्याच्या माथ्यावर सुमारे २७ टनांचा भार येतो. तो पिस्टनला जोडलेल्या दांड्यातून (कनेक्टिंग रॉड) थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्यावर उतरतो. मध्ये असतात फक्त बेअरिंगच्या दोन शेल, अर्ध्या कड्यासारख्या वाकवलेल्या. इंधन दर दोन फेऱ्यांना एकदा पेटतं; इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेत असेल, तर वरच्या शेलला हा दणका सेकंदाला १५ वेळा बसतो.

शेल हातात घेतली की नवल वाटतं. जाडी जेमतेम काही मिलिमीटर. पाठ पोलादाची, पण आतून तांबं-शिशाचा किंवा ॲल्युमिनियम-कथिलाचा मऊ थर, आणि बऱ्याचदा त्यावर केसाहून पातळ असा आणखी मऊ मुलामा. एवढा भार पेलायला मऊ धातू कशाला?

कारण भार धातू पेलतच नाही, तेल पेलतं. शाफ्ट आणि शेल यांच्यात मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी फट असते. शाफ्ट भारामुळे किंचित एका बाजूला सरकतो, फट पाचरीसारखी निमुळती होते आणि फिरणारा शाफ्ट तेलाला त्या चिंचोळ्या जागेत ओढून नेतो. ऑइल पंपाचा दाब जेमतेम पाच-सहा बार. पण या पाचरीत तो त्याच्या शेकडो पट वाढतो. तिथला तेलाचा पापुद्रा कधीकधी जेमतेम एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका असतो!

हे प्रथम लक्षात आलं ते अपघाताने. १८८३च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालायला वरून पाडलेल्या भोकातून उलट तेलच बाहेर येऊ लागलं. भोकात ठोकलेली लाकडी खुंटीसुद्धा तेलाने बाहेर ढकलली. १८८६मध्ये ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी त्यामागचं गणित मांडलं, आणि आजही बेअरिंगची आखणी त्याच समीकरणावर होते.

मऊपणाची गरज पडते ती पापुद्रा तुटल्यावर. इंजिन सुरू होताना शाफ्ट हळू फिरतो, पाचर पुरती भरलेली नसते आणि धातू धातूला घासतो. अशा वेळी मुलामा स्वतः झिजून शाफ्टला वाचवतो. तेलातून आलेला बारीक कण तो पोटात रुतवून घेतो, नाहीतर त्या कणाने शाफ्टवर चरे पाडले असते. म्हणूनच इंजिन उघडल्यावर जाणकार मेकॅनिक आधी शेलची आतली बाजू उजेडात धरतो. करड्या मुलाम्याखालून तांबूस रंग डोकावू लागला असेल, तर ती शेल तो परत बसवत नाही.