कटॉबा

अमेरिकेतील एक आदिवासी जमात. मुख्य वस्ती दक्षिण कॅरोलायना राज्यात, रॉक हिल शहराजवळ कटॉबा नदीच्या काठी. हे लोक स्वतःला ‘नदीची माणसे’ म्हणवतात. त्यांची भाषा सू भाषाकुलातील. अठराव्या शतकात देवीच्या साथींनी, विशेषतः १७५९ च्या साथीने, जमात खिळखिळी झाली. १७६३ च्या ऑगस्टा येथील तहाने सुमारे १,४४,००० एकर जमीन त्यांच्याकडे राहिली, पण १८४० च्या करारात राज्याने तीही घेतली आणि मोबदल्याची आश्वासने नीट पाळली नाहीत. संघराज्य सरकारने १९५९ च्या कायद्याने जमातीची मान्यता काढून घेतली. ती परत मिळायला १९९३ साल उजाडले. त्या वेळच्या तडजोडीत जमिनीच्या दाव्यापोटी पाच कोटी डॉलर देण्याचे ठरले.

या पडझडीतही मडकी घडवण्याची कला खंड न पडता टिकली. नदीकाठच्या ठरावीक खाणींतली माती आणायची, चाक न वापरता वळ्या एकावर एक रचून भांडे उभे करायचे, गुळगुळीत गोट्यांनी घासून चकाकी आणायची आणि उघड्या जाळात भाजायचे, अशी तिची रीत. झिलई लावत नाहीत; जाळाच्या धुराने उमटणारे काळे-तपकिरी डाग हीच नक्षी. घासायचे गोटे आईकडून मुलीकडे वारशाने जातात.

जमातीपेक्षा तिच्या नावाचा पसारा मोठा. नदी, उत्तर कॅरोलायनातील एक परगणा, एक महाविद्यालय आणि वायली सरोवराकाठचे अणुवीजकेंद्र ही सारी कटॉबाच. ॲपलाचियन डोंगरांत जांभळट फुलांनी बहरणाऱ्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या एका जातीचे शास्त्रीय नावही त्यावरूनच पडले.

नाव सर्वांत दूर नेले ते मात्र द्राक्षाने. ताम्रवर्णी कटॉबा द्राक्षात अमेरिकी रानवेल आणि युरोपीय वेल यांचा संकर आहे. १८२० च्या दशकात जॉन ॲडलम यांनी त्याचा प्रसार केला. पुढे निकोलस लाँगवर्थ यांनी सिनसिनाटीजवळ मळे लावून त्यापासून फेसाळ वाइन काढली आणि ती गाजली. बुरशीजन्य रोगांनी ते मळे बसले, तशी लागवड उत्तरेला ईरी सरोवराकडे सरकली. तिथल्या ओहायो किनाऱ्यावरच्या ‘कटॉबा आयलंड’ला नाव मिळाले ते या द्राक्षावरून, जमातीवरून नव्हे. नावात बेट असले तरी ते आहे द्वीपकल्प.