किनारा व्यवस्थापनाच्या क्षेत्र-अभ्यासाचे मूल्यमापन

मूल्यमापन हा भूगोलाच्या क्षेत्र-अभ्यासातील अखेरचा टप्पा. मोजमापे, आलेख आणि निष्कर्ष झाले, की त्या निष्कर्षावर किती भरवसा ठेवावा हे विद्यार्थी स्वतः तपासतो. इंग्लंडमध्ये जीसीएसई (साधारण सोळाव्या वर्षीची) आणि ए-लेव्हल (अठराव्या वर्षीची) या दोन्ही शालेय परीक्षांत यावर गुण असतात.

पूर्व इंग्लंडमधील यॉर्कशरच्या होल्डरनेस किनाऱ्यावरील मॅपलटन हे गाव अशा अभ्यासाचे नेहमीचे ठिकाण. इथले कडे हिमनदीने टाकलेल्या मऊ मातीचे. गाव आणि बी १२४२ रस्ता वाचवण्यासाठी १९९१ मध्ये सुमारे २० लाख पौंड खर्चून दोन दगडी ग्रॉइन, म्हणजे पुळणीवर आडवे घातलेले बांध, उभारले गेले. वाळू उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकते. ती बांधांपाशी अडली, पुढे पोचेनाशी झाली आणि दक्षिणेला काऊडन गावाकडे कड्यांची धूप वाढली. विद्यार्थी हेच पडताळून पाहतात.

पुळणीचा उतार दोन रेंजिंग रॉड (उभे रोवायचे खुणेचे दांडे), टेप आणि क्लिनोमीटर (उताराचा कोन मोजणारे उपकरण) यांनी मोजतात. ओल्या वाळूत खालचा रॉड रुतला, की उतार असतो त्याहून जास्त भरतो. १० मीटरच्या टप्प्यात एका अंशाची चूक म्हणजे उंचीत सुमारे १७ सेंमी. पाच टप्पे एकाच बाजूला चुकले तर ८७ सेंमी. बांधाच्या एकाच बाजूची वाळू ओली असेल, तर दोन बाजूंमध्ये दिसलेला फरक निव्वळ चुकीचाही असू शकतो. रॉडखाली फळी ठेवावी आणि प्रत्येक कोन वरून व खालून असा दोनदा वाचून सरासरी घ्यावी. बांधाच्या माथ्यापासून दोन्ही बाजूंची वाळू किती खाली आहे हेही मोजतात, पण दगडी बांधाचा माथा ओबडधोबड असल्याने ती खोली नेमकी कुठून मोजायची, हे ठरत नाही. जवळच्या हॉर्नसी गावाच्या लाकडी बांधांवर ते सोपे जाते.

‘वेळ कमी पडला’, ‘वारा होता’ एवढे लिहून मूल्यमापन होत नाही. चुकीने कोणता आकडा किती हलला आणि निष्कर्ष टिकला का, ते सांगावे लागते.

सर्वांत मोठी फसगत मात्र उपकरणाची नसते. होल्डरनेसच्या पुळणीवर ‘ऑर्ड’ नावाचे सखल पट्टे असतात आणि ते हळूहळू दक्षिणेकडे सरकतात. पट्टा ज्या कड्यापुढे येतो तिथे लाटा थेट पायथ्याशी पोचतात आणि धूप वाढते. बांधाच्या दक्षिणेला एका दिवशी पुळण उतरलेली दिसली, तर कारण बांध की ऑर्ड, हे त्या भेटीवरून ठरवता येत नाही. त्यासाठी या भागाच्या, म्हणजे ईस्ट रायडिंगच्या, स्थानिक प्रशासनाच्या नोंदी पाहाव्यात: १९५१ पासून किनाऱ्यावर साधारण दर ५०० मीटरला खुंट रोवून त्यापासून कड्याच्या काठाचे अंतर मोजले जात असे, आणि कड्याची मोजणी पुढेही चालू राहिली. १९९१ च्या आधीचा आणि नंतरचा धुपीचा वेग ताडून पाहिला, तरच बांधाकडे बोट दाखवता येते.

विद्यार्थी लोकांची मतेही विचारतात; त्या प्रश्नावलीत दोष बहुधा वेळेचा असतो: शाळेच्या दिवशी दुपारी वाहनतळावर भेटतात ते पर्यटक, आणि कड्यावर ज्यांची शेती आहे ते सुटून जातात.