पटासमोरचे चेहरे: बुद्धिबळाच्या गाजलेल्या फोटोंची पार्श्वभूमी

परभणी असो की लातूर, जिल्हा स्पर्धेच्या उद्घाटनाचा फोटो ठरलेला. प्रमुख पाहुणे पांढरं प्यादं दोन घरं सरकवतात आणि समोरचा खेळाडू पट सोडून कॅमेऱ्याकडे बघतो. बुद्धिबळाच्या फोटोत पोज देणं पहिल्यापासूनचं आहे, आणि सुरुवातीला त्याला इलाजही नव्हता.

१८५८-५९ मध्ये अमेरिकेचा बुद्धिबळपटू पॉल मॉर्फी युरोप गाजवत होता तेव्हा फोटो ओल्या काचेवर निघत. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, काही सेकंद उजेड घ्यायचा आणि सुकायच्या आत धुवायची. तेवढ्यात मान हलली की चेहरा पुसट. त्यामुळे त्या काळच्या फोटोंत गालाला टेकवलेला हात दिसला तर तो विचारापेक्षा आधारासाठीच जास्त असायचा. पटावरची मोहरीही बहुतेक वेळा फोटोपुरती मांडलेली. त्यावरून डाव शोधायला जाऊ नये.

१९१४ च्या सेंट पीटर्सबर्ग स्पर्धेत लास्कर, कॅपाब्लांका, अलेखाइन, टाराश आणि मार्शल अंतिम फेरीत होते. या पाचांचे फोटो छापताना खाली हमखास लिहितात, की झारने त्यांना ‘ग्रँडमास्टर’ किताब दिला. त्या वेळच्या कागदपत्रांत याला आधार सापडलेला नाही. ओळी मागाहून चिकटतात. १९२० मधला आठ वर्षांच्या सॅम्युएल रेशेव्हस्कीचा फ्रान्समधला फोटो घ्या. पटावर वाकलेलं पोरगं, भोवती दाढीवाले बुजुर्ग, आणि खाली ‘एकाच वेळी अनेक मास्टर्सना हरवताना’. ते एकाच वेळी अनेकांशी खेळायचं प्रदर्शन होतं, आणि अशा प्रदर्शनात समोर बहुधा हौशी मंडळी बसतात. पोराचं कौतुक त्याने कमी होत नाही, पण ‘मास्टर्स’ हा शब्द फुकटचा.

१९७२ म्हटलं की मराठवाड्याला दुष्काळ आठवतो, बुद्धिबळवाल्यांना आइसलँडमधलं रेक्याविक, म्हणजे फिशर आणि स्पास्की यांचा जगज्जेतेपदाचा सामना. तिथे भांडण कॅमेऱ्यावरूनच पेटलं. चित्रीकरणाचे हक्क चेस्टर फॉक्सकडे होते. पहिला डाव हरलेल्या फिशरने कॅमेऱ्यांचा त्रास होतो म्हणून तक्रार केली, दुसऱ्या डावाला तो आलाच नाही आणि स्पास्कीला गुण आयता मिळाला. तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, मागच्या खोलीत झाला. तो फिशरने जिंकला. पुढे सामना मुख्य सभागृहात परतला, पण चित्रीकरण जवळपास बंदच राहिलं. शतकातल्या सगळ्यात गाजलेल्या सामन्याची चालती-बोलती दृश्यं इतकी थोडी का, याचं उत्तर हेच. ‘लाइफ’ मासिकाच्या हॅरी बेन्सनने मात्र पट सोडून माणूस धरला. आइसलँडच्या माळावर घोडा फिशरच्या तोंडाशी तोंड नेतोय, हा त्याचा फोटो पटावरच्या कुठल्याही फोटोपेक्षा फिशरबद्दल जास्त सांगतो.

नंतरचे गाजलेले फोटो हरण्या-जिंकण्याच्या क्षणाचे आहेत. ११ मे १९९७ ला न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लू या संगणकाविरुद्ध १९ चालींत डाव सोडणारा कास्पारोव्ह त्या सामन्यात डोकं हातात धरून बसलेला दिसतो. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये डिंग लिरेनने डाव सोडल्यावर डोळे पुसत मोहरी पुन्हा जागेवर लावणारा गुकेश तर ताजाच आहे.

जुना फोटो हाती आला तर आधी घड्याळ बघा. दोन तबकड्यांचं यांत्रिक घड्याळ १८८३ च्या लंडन स्पर्धेपासूनचं. आकडे दाखवणारं असेल तर फोटो अलीकडच्या काही दशकांतला. मग खेळाडूच्या उजव्या हाताचं, त्याच्या जवळचं कोपऱ्याचं घर बघा. ते काळं असेल तर पट आडवा मांडलाय किंवा फोटो उलटा छापलाय. अक्षरं उलटी दिसली तर छपाईचा घोळ.

आपल्याकडे मंगल कार्यालयात फोटो काढणाऱ्यांना वेगळीच अडचण येते. पंच फ्लॅशला पहिली पाच-दहा मिनिटंच देतात, नंतर आवाजही नको असतो. म्हणून शटर मुकं, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक करावं, तर फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. ५० हर्ट्‌झच्या विजेवर साध्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते आणि मुकं शटर चित्र ओळीओळीने वाचतं, म्हणून. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवलं की पट्टे जातात, पण चाल करणारा हात धूसर येतो. तेव्हा चालीची वाट बघू नये. समोरच्याने चाल केली की लगेच विचारात पडलेला चेहरा टिपावा.